पटकथेवर सही कोणाची?

यूट्यूबवर एखादी मालिका सुरू होते तेव्हा कोपऱ्यात दहा सेकंद एक छोटी पाटी दिसते. या व्हिडिओत पैसे घेऊन केलेला प्रचार आहे, एवढाच तिचा अर्थ. व्हिडिओ चढवताना निर्मात्याने एका चौकोनात टिक केली की पाटी आपोआप येते. दहा सेकंदांनी ती जाते आणि प्रेक्षकाच्या डोक्यातूनही जाते. पुढचा अर्धा-पाऊण तास तो हसतो, रडतो, पात्रांवर जीव लावतो. नियमाप्रमाणे सगळे रीतसर झालेले असते. माझा आक्षेप पाटी गेल्यानंतरच्या त्या पाऊण तासावर आहे.

ब्रँडच्या पैशावर चालणाऱ्या वेब मालिकांबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, फुकट बघायला मिळतेय ना, मग एखादा लोगो दिसला तर बिघडले काय? दुसरा जरा चोखंदळ असतो. त्याची तक्रार अशी की लोगो फार ढोबळपणे घुसडतात, कथेत नीट मुरवत नाहीत. दोघेही लोगोबद्दलच बोलतात. लोगो हा या व्यवहारातला सर्वांत निरुपद्रवी भाग आहे, कारण तो दिसतो. विचारायला हवे ते वेगळेच. कंपनीच्या पैशावर लिहिलेल्या कथेत कोणता प्रश्न येतच नाही? मला दिसते ते असे, की मालिका जितकी कंपनीच्या धंद्याच्या जवळ, तितका त्या धंद्यातला सर्वांत टोचणारा प्रश्न कथेपासून लांब.

उदाहरण घेऊ. द व्हायरल फीव्हर, म्हणजे टीव्हीएफ, या कंपनीची 'पर्मनंट रूममेट्स' ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस यूट्यूबवर आली. भारतातल्या वेब मालिकांची गोष्ट बहुतेक लोक तिथूनच सुरू करतात. पैसा कॉमनफ्लोअर या घरे शोधून देणाऱ्या पोर्टलचा होता. मिकेश आणि तान्या नावाचे जोडपे, लग्न करायचे की नाही यावरून चाललेली त्यांची ओढाताण, आणि एकत्र राहायचा घाट. मालिका गोड आहे. मला तेव्हा आवडली होती आणि आजही चार प्रसंगांना हसू येते.

पण भाड्याचे घर शोधण्यात मुंबई-पुण्यात सर्वांत नाट्यमय प्रसंग कोणता असतो, हे माझ्या पिढीच्या कोणत्याही मुस्लीम अभियंत्याला विचारा. फोनवर सगळे ठरते. भाडे ठरते, डिपॉझिट ठरते, ब्रोकरला एक महिन्याचे भाडे द्यायचे तेही ठरते. मग पलीकडून आवाज येतो, "नाव काय म्हणालात?" नाव सांगितले की तो फ्लॅट पंधरा मिनिटांपूर्वीच गेलेला असतो. मे २०१५ मध्ये मुंबईत एका तरुणीला मुस्लीम असल्यामुळे फ्लॅट सोडावा लागल्याची बातमी देशभर गाजली, म्हणजे मालिकेनंतर जेमतेम सात महिन्यांनी. सौगत दत्ता आणि विक्रम पथानिया या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्ली परिसरात हे तपासूनही पाहिले. प्रॉपर्टीच्या वेबसाइटवरून घरमालकांना विचारणा पाठवली, त्यात अर्जदारांची नावे तेवढी वेगवेगळी ठेवली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुस्लीम नावांना प्रतिसाद स्पष्टपणे कमी. आणि हे घडत होते घरे शोधून देणाऱ्या वेबसाइटवरच.

आता विचार करा, त्या पोर्टलच्या पैशावर मिकेश आणि तान्याऐवजी इम्रान आणि तान्या, किंवा नुसतेच इम्रान आणि सबा, घर शोधायला निघू शकले असते का? कोणी लेखकाची ओळ खोडली असे मी म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. बिल कोण भरतोय हे लिहिणाऱ्याला पहिल्या मसुद्याच्या आधीच ठाऊक असते, आणि ज्या नावांना कोणी घर नाकारत नाही ती नावे मग आपोआप सुचतात. दुसऱ्या सीझनला ओला या टॅक्सी कंपनीचा पैसा आला आणि जोडपे टॅक्सीत फिरू लागले. तो भाग सोडून देऊ.

'पिचर्स' ही २०१५ ची मालिका तर आम्हा अभियंत्यांचीच. नोकरी सोडून स्टार्टअप काढणारे चार मित्र. हॉस्टेलमधून बाहेर पडून पहिली-दुसरी नोकरी करणाऱ्या कोणी ती पाहिली नाही असे क्वचितच असेल. तिच्यामागे किंगफिशरचे नाव होते आणि तिच्यातला सर्वांत गाजलेला संवाद बिअरच्या टेबलावरचा आहे. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. केबल टीव्हीच्या नियमांत आणखी एक कलम आहे, ते मला त्याहून महत्त्वाचे वाटते. जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि तासाला बारा मिनिटांहून जास्त नको. हे नियम वाहिन्या सर्रास वाकवतात हे खरे, पण निदान वाकवायला नियम आहे. वेब मालिकेत कार्यक्रम हीच जाहिरात असते. तिथे बारा मिनिटे मोजणार कशी?

यावर हटकून उत्तर मिळते की हे जुनेच आहे. बरोबर, जुनेच आहे. 'सोप ऑपेरा' हा शब्दच साबणावरून आला. १९३३ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने ऑक्सिडॉल या धुण्याच्या पावडरीसाठी 'मा पर्किन्स' ही रेडिओ मालिका चालवली आणि दुपारी घरात असलेल्या बायकांना कथा आणि पावडर एकत्रच मिळू लागली. आपल्याकडे 'हम लोग' १९८४ मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा प्रायोजक मॅगी होती. दोन मिनिटांचे नूडल्स घराघरांत पोचण्यात त्या मालिकेचा मोठा वाटा मानला जातो. पण 'हम लोग'ची कथा मॅगीची नव्हती. कुटुंब नियोजन आणि बायकांचे स्थान हे विषय मालिकेतून मांडायचे हा विचार सरकारी होता, मेक्सिकोतल्या मालिकांवरून घेतलेला. लेखक मनोहर श्याम जोशी होते. नूडल्स आधी आणि नंतर यायचे, मध्ये बडकी आणि मझली आपले आयुष्य जगायच्या. सरकारच्या हातात कथा असण्याचे धोके मला माहीत आहेत, दूरदर्शनचा तो काळ काही सुवर्णयुग नव्हता. पण प्रायोजक उंबऱ्याबाहेर होता एवढे खरे.

आता 'अ‍ॅस्पिरंट्स'कडे येतो, कारण इथे प्रकरण जास्त गंभीर आहे. एप्रिल २०२१ मध्ये ही मालिका यूट्यूबवर आली, पाच भाग, प्रायोजक अनअकॅडमी. त्याआधी २०१९ मध्ये 'कोटा फॅक्टरी'च्या पहिल्या सीझनलाही हीच कंपनी होती. एक आयआयटीच्या तयारीबद्दल, दुसरी यूपीएससीच्या, आणि पैसे देणारी कंपनी ऑनलाइन क्लासची. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या, एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या पोरांना या मालिकेचे संवाद पाठ आहेत. त्यांच्या भिंतीवर संदीप भैयाची चित्रे आहेत. मालिका उत्तम लिहिलेली आहे, मैत्री तुटण्याचे प्रसंग अस्सल आहेत. ती अपयशही दाखवते, हे मान्य केले पाहिजे.

पण अपयश कोणाचे दाखवते? व्यक्तीचे. अटेम्प्ट संपला, वैकल्पिक विषय चुकला, मन भरकटले. त्या अपयशाला एक करुण सौंदर्य दिले आहे. गणित मात्र नाही. २०२० च्या नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे १० लाख ४० हजार अर्ज आले, त्यातले जवळपास ४ लाख ८३ हजार पूर्वपरीक्षेला बसले, आणि शेवटी शिफारस झाली ७६१ जणांची. बसलेल्यांपैकी सहाशेहून अधिकांत एक. मी दिवसभर आकडे बघतो, म्हणून सांगतो: कोणताही क्लास लावा, कोणतेही अ‍ॅप घ्या, जागा ७६१ च राहतात. क्लास फार तर रांगेतली माणसे पुढे-मागे करतो, रांग तो छोटी करत नाही. उलट रांग लांबली की त्याचा धंदा वाढतो. म्हणजे या धंद्याला जगण्यासाठी लाखो न होणारे अधिकारी लागतात. राजिंदर नगरातल्या खोल्यांची भाडी, बापाने विकलेली जमीन, अठ्ठाविसाव्या वर्षी रिकाम्या हाताने गावी परतणारा मुलगा, यातून नफा कोणाला होतो, हा प्रश्न क्लासच्या पैशावर लिहिलेली कथा विचारू शकत नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच जुन्या राजिंदर नगरात एका क्लासच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मेले. तळघरातल्या अभ्यासिका त्या दिवशी काही पहिल्यांदा सुरू झाल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट. 'अ‍ॅस्पिरंट्स' येण्याच्या आठ महिने आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, एका हिंदी वृत्तवाहिनीने 'यूपीएससी जिहाद' या नावाने कार्यक्रमाची जाहिरात केली होती. मुस्लीम मुले कट करून नोकरशाहीत घुसतात, असा दावा. त्या वर्षीच्या निकालात ८२९ नावे होती आणि त्यात मुस्लीम सुमारे पाच टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबरला उरलेले भाग थांबवले आणि कार्यक्रमाचा हेतू प्रथमदर्शनी एका समाजाला बदनाम करण्याचा दिसतो असे म्हटले. राजिंदर नगरात त्या दिवसांत अभ्यास करणाऱ्या एखाद्या मुस्लीम मुलाच्या मनात काय चालले असेल? याहून मोठे नाट्य त्या वर्षी त्या गल्ल्यांत दुसरे नव्हते. मालिकेतल्या तीन मुख्य मित्रांत तो नाही. कोणीतरी ठरवून वगळला असे मला म्हणायचे नाही. त्याला घेतले असते तर त्याच्यासोबत ती वाहिनीही कथेत आली असती, आणि मग कंपनीच्या अ‍ॅपखाली शिव्यांचा पाऊस पडला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंपनीने आपल्या एका शिक्षकाला काढले. शिकलेल्या उमेदवाराला मत द्या, असे तो शिकवताना म्हणाला होता. वर्ग ही वैयक्तिक मते मांडायची जागा नाही, अशी कंपनीची बाजू. एवढे वाक्य ज्यांना जड झाले ते पटकथेत काय पेलणार?

मी काही वर्षे ऑनलाइन जाहिरातींच्या तंत्रज्ञानात काम केले. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच. जाहिरातदार एक यादी पाठवतो. साधी एक्सेलची फाइल असते. त्यातले शब्द ज्या पानावर किंवा व्हिडिओच्या शीर्षकात असतील तिथे आपली जाहिरात दिसू नये, अशी सूचना. याला 'ब्रँड सेफ्टी' म्हणतात. यादीत बॉम्ब, बलात्कार, आत्महत्या, दंगल असे शब्द असतात, ते समजण्यासारखे आहे. मग खाली खाली जावे तसे मशीद, हिजाब, काश्मीर. मी पाहिलेल्या एका यादीत 'बकरी ईद' होते, 'दिवाळी' अर्थातच नव्हते. इंजिनिअर म्हणून सांगतो, यात बहुतेक वेळा द्वेष नसतो. आळस असतो. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी केलेली यादी दुसऱ्याने चिकटवलेली असते आणि ती तपासायला कोणाला वेळ नसतो. पण आळसाचा परिणाम द्वेषासारखाच होतो. एप्रिल २०२१ मध्ये 'द मार्कअप' या अमेरिकी पत्रकारिता संस्थेने गूगलची जाहिरात यंत्रणा तपासली. यूट्यूबवर जाहिरात लावण्यासाठी व्हिडिओ शोधताना 'ख्रिश्चन फॅशन' हा शब्द चालत होता, 'मुस्लीम फॅशन' अडवला जात होता. फॅशन! कपड्यांच्या व्हिडिओला!

वेब मालिकेत ही यादी फाइलमध्ये नसते, मार्केटिंगच्या माणसाच्या डोक्यात असते. म्हणून ती कधी बाहेर येत नाही.

मग तनिष्कचे काय, रेड लेबलचे काय, असे विचारले जाईल. ब्रँडनीच तर हिंदू-मुस्लीम प्रेमाच्या जाहिराती केल्या! केल्या, आणि त्यातल्या काही चांगल्या होत्या. रेड लेबलच्या पैशावर २०१६ मध्ये वाय-फिल्म्सने 'सिक्स पॅक बँड' हा तृतीयपंथी कलावंतांचा गाण्यांचा उपक्रम केला, त्याला कान्सच्या जाहिरात महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर, नमाजला निघालेल्या मुलाचे पांढरे कपडे वाचवणाऱ्या मुलीच्या त्या जाहिरातीवर, बहिष्काराची हाक आली तरी कंपनीने ती मागे घेतली नाही. हे नोंदवले पाहिजे.

पण ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने मुस्लीम घरातल्या हिंदू सुनेच्या ओटीभरणाची जाहिरात काही दिवसांत काढून घेतली. दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण दिले, आणि ते कारण खोटे नव्हते. पुढच्या वर्षी फॅबइंडियाने दिवाळीच्या कपड्यांना 'जश्न-ए-रिवाज' म्हटले आणि गदारोळ होताच ते ट्वीट पुसले. तिथे तर मुस्लीम माणूसही नव्हता, उर्दूचे तीन शब्द होते. तनिष्क टाटांची, आणि २०१६ मध्ये 'ट्रिपलिंग' मालिकेतल्या तीन भावंडांना प्रवासाला नेणारी टियागो गाडीही टाटांची. अशा समूहाला तीस सेकंदांची जाहिरात टिकवता येत नसेल, तर पाच भागांची मालिका तो कोणत्या बळावर टिकवेल? आणि या जाहिरातींतला मुस्लीम कायम एकाच प्रकारचा असतो, हेही पाहा. तो चहा पाजतो, मूर्ती घडवतो, सुनेवर माया करतो. त्याची कोणाकडे तक्रार नसते. ज्याला भाड्याने घर मिळाले नाही तो मुस्लीम कोणत्याच ब्रँडला परवडत नाही.

हा केवळ बहुसंख्याकवादाचा प्रश्न आहे, असे समजून आपल्यातल्या कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. मे २०२५ च्या सुमारास पाकिस्तानी मनोरंजन चॅनेल इथे बंद होईपर्यंत आपल्या मोहल्ल्यांत अम्मी-खालांचा दुपारचा कार्यक्रम तिथल्या मालिकांचाच होता. तिथल्या मालिकांच्या यूट्यूबवरच्या शीर्षकांतच प्रायोजक असतो. 'खुदा और मोहब्बत'चा तिसरा सीझन एका रंगाच्या कंपनीच्या नावाने यायचा. गोरेपणाच्या क्रीमही तिथे प्रायोजक असतात. ज्या देशात सगळी पात्रे मुस्लीम आहेत तिथे नाव अडत नाही, पण गोरेपणाच्या क्रीमच्या पैशावर सावळी नायिका किती भाग टिकेल?

जाहिरातच नको, असे मी म्हणत नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी दिवाळी अंक जाहिरातींवर जगत आले आहेत. सहकारी बँका, पतपेढ्या, मसालेवाले, सराफ, सगळे त्यात असतात. पण बँकेची जाहिरात मधल्या पानावर येते आणि कथा तिच्या आधी संपते. कर्जबाजारी शेतकऱ्याची गोष्ट त्याच अंकात छापून आली तरी बँकेचा माणूस मसुदा मागवत नाही. वेब मालिकेत नेमकी ही सीमा पुसली गेली, आणि सगळ्यांनी त्याला नव्या जमान्याची कल्पकता म्हटले.

आपल्या नियमांची गंमत अशी की ते सगळे लोगोच्या पातळीवर आहेत. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत ज्या भागात उत्पादनाची भलामण आहे तितका वेळ पट्टी दाखवा, असे त्यात आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांत जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध उघड करायला सांगितले आहे. उत्पादन पडद्यावर असताना पट्टी, ठीक. पण जो प्रश्न पटकथेत आलाच नाही त्याच्यावर पट्टी कशी लावणार?

त्यामुळे मागणी वेगळी हवी. मालिकेच्या श्रेयनामावलीत, दिग्दर्शक आणि छायाचित्रकाराच्या शेजारी, एक ओळ बंधनकारक करा: पटकथेचा मसुदा प्रायोजकाने पाहिला होता का आणि त्याला बदल सुचवण्याचा करारात अधिकार होता का. हो किंवा नाही. करारातल्या रकमा कोणाला नकोत. ज्या निर्मात्यांनी कथा प्रायोजकापासून वेगळी ठेवली आहे त्यांना ही ओळ मिरवता येईल, आणि ज्यांनी ठेवली नाही त्यांची मालिका प्रेक्षक वेगळ्या डोळ्यांनी पाहील. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अवघड नाही. टिक करायचा चौकोन आज आहेच, त्याच्या खाली आणखी एक लागेल.

ग्राहक व्यवहार विभाग आणि एएससीआय या दोघांना ही मागणी लेखी पाठवता येते. मी माझे पत्र मराठी आणि इंग्रजीत तयार केले आहे. ज्यांना त्यावर सही करायची आहे किंवा त्यातले कलम खोडायचे आहे, त्यांनी संपादकांना कळवावे. उर्दू मसुदा अजून व्हायचा आहे, त्यासाठी कोणी पुढे आले तर बरे होईल.